खिडकीचं अक्षर

मी अक्षरं विकायचे. काय करतेस असं कुणी विचारलं की एवढंच सांगायची मला सवय होती, आणि समोरचा हसला की राग यायचा. भाजी विकणाऱ्या बाईला कुणी हसत नाही. रोझ बेलला आमच्या घराच्या पडवीचा एक कोपरा पत्रा ठोकून बंद केला होता. तिथे माझं टेबल होतं आणि तिथे बसून मी बारा-तेरा वर्षं देवनागरी अक्षरं काढली, अ पासून ज्ञ पर्यंत, जोडाक्षरांसकट, तीन आकारांत. पोर्ट लुईचा एक छापखानेवाला त्यांचे कागद छापून द्यायचा. बेटावर ज्याला मराठीत काही छापायचं असेल तो ते कागद विकत घ्यायचा, कात्रीने एकेक अक्षर कापायचा आणि डिंकाने चिकटवून आपली लग्नपत्रिका जुळवायचा. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. मी होते.

लग्न होऊन शमें ग्रेनिएहून मी इथे आले तेव्हा स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच शिकले होते, चित्रकलेत हात बरा होता. मराठी घरात बोलायचो, तीही निम्मी क्रेओल मिसळलेली. लिहायला-वाचायला माहेरी कुणालाच येत नव्हतं. सासरी मात्र पोथी होती. सासऱ्यांच्या आजोबांनी बोटीतून आणलेली, लाल फडक्यात बांधलेली. ती वाचणारे आसपासच्या गावांत एकटे सासरे. मी त्यांना बाबा म्हणायचे. उसाच्या मळ्यावर मुकादमकी करून त्यांची पाठ वाकली होती, पण पोथीसमोर बसले की ती सरळ व्हायची.

त्यांनीच मला अक्षरं शिकवली. रोज दुपारी जेवण झालं की पोथी उघडायचे, एका अक्षरावर बोट ठेवायचे आणि मी ते पाटीवर काढायचं. चुकलं तर रागवायचे नाहीत, नुसते थांबायचे. माझ्या सख्ख्या बापाने मला इतका वेळ कधी दिला नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात या माणसाला वाईट ठरवायचा मोह मला पुष्कळदा झाला आहे आणि तो खोटा आहे.

नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी हट्ट धरला की पत्रिकेवर वरची ओळ तरी आपल्या अक्षरात पाहिजे. पोर्ट लुईच्या ज्या छापखान्यात पत्रिका द्यायची होती तिथे देवनागरी खिळे, म्हणजे छापायचे शिशाचे ठसे, नव्हते. मालक चिनी होता, माझ्या वडिलांच्या वयाचा, बोलायला कमी. तो म्हणाला, तुम्ही मोठं काढून आणा, मी फोटो काढून लहान करतो. मग मी पोथीच्या पानावर पेन्सिलीने बारीक चौकोन आखले, जाड कागदावर मोठे चौकोन आखले आणि एकेक अक्षर चौकोन मोजून उतरवलं. जसं दिसलं तसं. माझी काय हिंमत त्यात फरक करायची.

पोथीतल्या जवळजवळ कुठल्याच अक्षराची उभी रेघ वरच्या आडव्या रेघेला टेकत नव्हती. मध्ये केसाएवढी फट होती. मी ती फटही उतरवली. मोठ्या आकारात ती वेडीवाकडी दिसायला लागली म्हणून पट्टी लावून सारखी केली. बाबांनी कागद हातात घेतला, पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाले की ही खिडकी तू नीट ठेवलीस ते बरं केलंस. हिंदी पुस्तकांत ही खिडकी नसते, आपल्यात असते, त्यावरूनच आपलं अक्षर ओळखायचं. त्यांच्या वडिलांनी त्यांना तसंच सांगितलं होतं.

हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. इथे हिंदीवाले पुष्कळ आणि आम्ही मूठभर. आमच्या देवळात आलेला पाहुणाही आम्हाला हिंदीवालेच समजायचा आणि त्याला सुधारलं तर म्हणायचा, मग फरक काय? बाबांच्या पिढीने हा प्रश्न जन्मभर ऐकला होता. आता फरक कागदावर दाखवता येत होता.

छापायला जाण्याआधी बाबांनी तो कागद देवापुढे ठेवला आणि त्याच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावलं, आणि पुढे माझ्या प्रत्येक कागदाला लावत राहिले. छापखानेवाल्याच्या कॅमेऱ्याला लाल रंग काळा दिसायचा, त्यामुळे दर वेळी त्याला तो कोपरा झाकावा लागे. त्याने तक्रार केली नाही. पुढे पुढे माझा कागद आला की तो आधी कोपऱ्यावर पट्टी चिकटवायचा आणि मग माझ्याशी बोलायचा.

त्या पत्रिकेने माझा धंदा उभा केला. ब्रीझे वेर्दिएरहून माणसं आली, माहेरच्या गावाहून आली. सगळ्यांना खिडकीचं अक्षर हवं होतं. एका लग्नात आपल्या अक्षराची पत्रिका निघाली की दुसऱ्या घरात ती निघाली नाही तर अपशकुन, इथपर्यंत गोष्ट गेली. छापखानेवाल्यानेच सुचवलं की दर वेळी नवं काढत बसण्यापेक्षा सगळी अक्षरं एकदाच काढा, आपण कागद करून विकू. ते मी केलं. देवळांच्या पाट्या माझ्या अक्षरात रंगल्या. मराठीचे वर्ग भरायचे तिथले गुरुजी माझा कागद भिंतीला लावून पोरांना गिरवायला द्यायचे. पोरंसुद्धा आधी आडवी रेघ मारायची, मग पेन्सिल उचलून थोडी खाली आणायची आणि मग उभी रेघ.

मला लोक नावाने ओळखत नसत, खिडकीवाली म्हणून ओळखत. सुरुवातीला गंमत वाटली. मग काही वर्षांनी मी एक वेगळं अक्षर काढलं, जरा गोल, जरा ऐसपैस, आणि खरं सांगायचं तर जास्त सुंदर. खिडकी ठेवली नव्हती, कारण त्या वळणात ती बसत नव्हती. एकानेही घेतलं नाही. छान आहे पण आपलं नाही, म्हणाले. तो कागद मी टेबलाच्या खणात टाकला आणि पुन्हा तीच अक्षरं काढायला बसले. समोर पत्रा आणि पत्र्यापलीकडे ऊस. कापणी होईपर्यंत रस्तासुद्धा दिसायचा नाही. रोझ बेलच्या ओल्या हवेत शाई वाळायला तासन् तास लागायचे आणि मी त्या वाळणाऱ्या शाईकडे बघत बसायचे, कारण उठले तर स्वयंपाकघर आणि बसले तर हे.

मग भारतातून पुस्तकांची पेटी आली. इथल्या आमच्या मराठी मंडळाने वर्गांसाठी मागवली होती. बाबा मंडळात सगळ्यांत वडील म्हणून पेटी आमच्या घरी उतरली, आणि ती फोडायचं काम माझ्याकडे आलं. मी पहिलं पुस्तक उघडलं. खिडकी नाही. दुसरं उघडलं, नाही. मला आधी वाटलं, हिंदीच्या खिळ्यांवर छापलं असेल. पण आठवं, दहावं पुस्तक? महाराष्ट्रात मराठी पुस्तकं हिंदीच्या खिळ्यांवर कशाला छापतील? मी पेटीसमोर फतकल मारून बसले आणि राहिलेली पुस्तकं एकेक करून उघडत गेले.

पुढच्या वेळी पोर्ट लुईला जाताना मी पोथीचं एक सुटं पान पिशवीत घातलं. बाबांना विचारलं नाही. छापखानेवाल्याने भिंगाखाली ते पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की जुने खिळे आहेत, तुकड्यातुकड्यांचे, वरचा भाग वेगळा आणि खालचा वेगळा. झिजले, सैल झाले की मध्ये अशी फट पडते. मग त्याने भिंग माझ्याकडे सरकवलं. एका ओळीत शाई जास्त लागली होती, तिथे रेघा जुळल्या होत्या. इतर ठिकाणी फट कुठे जाड, कुठे बारीक, कडा कुरतडलेल्या. ती सारखी केली होती मी. पट्टी लावून.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता, कुणाशी भांडण नको असलेला माणूस. तो म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला उघडतेस. पत्रिकेवर फट असली काय आणि नसली काय, लग्न तर लागतं ना. मलाही ते पटलं. पत्रिकेचं आयुष्य आठ दिवसांचं. मी गप्प बसले आणि कागद विकत राहिले, आणि हे मी दोन वर्षं केलं.

पण मंडळाने बालवाचन काढायचं ठरवलं. इथल्या पोरांसाठी इथेच केलेलं पहिलं मराठीचं पुस्तक, एका पानावर दोन अक्षरं आणि एक चित्र. अक्षरं अर्थात माझी. बाबांना त्या दिवसांत धाप लागायची, पायऱ्या चढवत नसत, तरी ते प्रत्येक सभेला गेले. माझी मुलगी त्या वर्षी वर्गात बसणार होती. पत्रिका फाडून टाकतात, पण पुस्तकातून शिकलेलं अक्षर हातात बसतं. ही पोरं उद्या कुठे गेली, कुणाला पत्र लिहिलं, तर लोक त्यांना हसणार आणि ते कुणाच्या हातच्या चुकीला हसताहेत हे पोरांना कळणारही नाही. माझ्याच्याने ते होईना.

एका दुपारी मी पेटीतलं पुस्तक आणि पोथी दोन्ही बाबांसमोर ठेवली आणि खिळ्यांची गोष्ट सांगितली. नीट सांगितली, हळू सांगितली. ते पुस्तकाकडे बघतच नव्हते. पोथीवर हात ठेवून बसले होते.

“ही पुस्तकं त्यांची हायत गो,” ते म्हणाले. “ते तिकडं ऱ्हायले, आपण इकडं आलो. त्यांचं बदललं आसंल. आपलं तसंच हाय.”

मी म्हटलं, बाबा, छापखानेवाल्याने भिंगातून दाखवलं.

“माझ्या बापानं मला ह्या खिडकीवर बोट ठेवून शिकवलं. लेकोल-साळा नव्हती आमाला. उसातनं येऊन, चिमणी लावून. ती जर झिजलेली असंल, तर मग माझ्याकडं आपलं असं काय ऱ्हायलं, सांग.”

त्यांना धाप लागली, मी पाणी आणून दिलं. त्यांची समजूत काढायला म्हटलं, तो चिनी माणूस, त्याला आपलं अक्षर काय कळणार. बाबा हसले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी माझी गत झाली होती, आणि वर मीच माझ्या तोंडाने दार लावून घेतलं होतं.

पुस्तकाची मूळ पानं मी खिडक्यांसकट काढली. बाबांनी एकेक पान तपासलं, देवापुढे ठेवलं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात कुंकू लावलं. मी ती गुंडाळून पोर्ट लुईला नेली. छापखानेवाल्याने कोपरे झाकले, फोटो काढले, फिल्म धुऊन दोरीला टांगली. काळ्या फिल्मवर माझी अक्षरं काचेसारखी आरपार दिसत होती आणि प्रत्येकात ती काळी फट. मी काही ठरवून गेले नव्हते. पण फिल्म पाहिली आणि कळलं की हिच्यावर आता कुंकू नाही, आता ही बाबा बघणार नाहीत. मी त्याच्याकडे सुई मागितली. फिल्मवरचा काळा थर सुईने खरवडला की तिथून उजेड जातो आणि छापताना तिथे शाई येते, हे मी त्याच्याकडेच शिकले होते.

त्याने विचारलं, मादाम, तुमच्या घरी माहीत आहे? मी नाही म्हटलं. पुस्तक त्यांच्या हातात जाईल तेव्हा काय कराल? मी म्हटलं, एकदा छापून झालं की काय करणार आहेत. त्याने खालून दिवा असलेली काच पुसून दिली आणि स्टूल ओढून दिलं. दोन दिवस मी त्या काचेवर वाकून एकेक खिडकी बंद केली. मान मोडून आली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण त्या दोन दिवसांसारखं मोकळं मला त्या सगळ्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं. जिथे जिथे रेघ रेघेला मिळाली तिथे मलाच श्वास घेतल्यासारखं वाटत होतं.

पुस्तक देवळाच्या मंडपात वाटायचं ठरलं. हार, पेढे, भाषणं. पहिली प्रत बाबांच्या हातात दिली. त्यांनी उघडली, पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग बोटाने रेघ चाचपली, शाई खरवडून निघते का ते बघावं तशी. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मला वाटलं होतं ते चिडतील, आणि चिडले असते तर मी सगळं सांगितलं असतं. ते चिडले नाहीत. घरी येऊन खाटेवर बसले आणि लहान मुलासारखं विचारलं, “खिडक्या कुणी बुजवल्या गो?”

मी म्हटलं, छापखान्यात काहीतरी झालं असेल, बाबा.

इतकं सोपं होतं ते. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. आपल्या माणसाने केलं नाही एवढंच त्यांना हवं होतं.

पुढच्या आठवड्यात मंडळाने छापखानेवाल्याला बोलावलं. बाबा धाप लागत असताना बसने पोर्ट लुईला गेले आणि सुनेने बरोबर असावं म्हणून मीही गेले. टेबलाच्या एका बाजूला मंडळाची पाच माणसं, एका बाजूला तो, स्वच्छ शर्ट घालून. अध्यक्षांनी मूळ पानं पुढे ठेवली, कोपऱ्यात कुंकू असलेली, आणि शेजारी छापलेलं पुस्तक. यात खिडकी आहे, यात नाही, हे कसं? त्याने दोन्ही पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी बोलते का याची वाट बघत होता, आणि त्याने पुरेसा वेळ दिला. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. शेजारी बाबांचा श्वास ऐकू येत होता.

“मो फोत,” तो म्हणाला. माझी चूक. फिल्म धुताना रेघा पसरल्या असतील, त्याने नीट पाहिलं नाही, असं काहीतरी तो सांगत राहिला. ते अशक्य होतं, पण तिथे ते कळणारी मी एकटी होते.

मंडळाने सगळी पुस्तकं परत गोळा करायची आणि दुसऱ्या छापखान्यात छापायची असं ठरवलं. यापुढे त्याच्याकडे काहीही द्यायचं नाही, पत्रिकासुद्धा नाही, असंही ठरलं. दहा वर्षं त्याने माझे कागद छापले होते. निघताना त्याने मला नेहमीसारखा मान झुकवून सलाम केला, आणि मला वाटलं की याने मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, “मानूस इमानदार हाय हां तो. चूक झाली तर चूक झाली म्हनला. आशी मानसं आता कुटं मिळतात.”

मी हो म्हटलं.

नवं पुस्तक दोन महिन्यांत आलं. या वेळी चूक होऊ नये म्हणून मंडळाने फिल्म तपासायला मलाच पाठवलं, आणि मी एकेक खिडकी उघडी आहे की नाही ते पाहून प्रत्येक पानाखाली सही केली.